सासूबाईंच्या खोलीपासून सुरुवात करा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही कॅनडातल्या ओटावाच्या बारहेवन भागात राहतो. घर २००६ सालचं, दुमजली. घर तापवणारी गॅसची फर्नेस तेव्हापासूनची आहे. ऑगस्टमध्ये अडीच टनांच्या एसीचा कॉम्प्रेसर गेला म्हणून दोन ठेकेदारांना बोलावलं. हिवाळ्यात उलटा चालून घर तापवणारा एसी, म्हणजे हीट पंप, घ्यावा का असं विचारलं. पहिला म्हणाला, "हीट पंप इथे चालत नाही. उणे दहाच्या खाली नुसतं वीजबिल वाढवतो. साधा एसी घ्या." दुसरा म्हणाला, "गॅस काढूनच टाका, चार टनांचा हीट पंप लावून देतो." ह्यांचं म्हणणं, बाहेर उणे पंचवीस असताना बाहेरच्या हवेतून ऊब येणार कुठून? त्यात सांगलीहून सासूबाई आता कायमच्या राहायला आल्या आहेत. त्यांची खोली गॅरेजच्या वर आहे आणि ती आत्ताच गार पडते. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांच्या जिवावर प्रयोग नको वाटतो. आमचं जानेवारीचं गॅसबिल ३८० घनमीटरचं होतं, जुलैचं ४० चं. कुणाचं ऐकू?

उत्तर

नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही दोन बिलांचे आकडे लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. या विषयावर मला येणाऱ्या पत्रांत कंपन्यांची नावं असतात, किमती असतात, शेजाऱ्यांची मतं असतात. आपल्या घराला ऊब किती लागते हे मात्र कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहिलंत, म्हणून मला मोघम बोलावं लागणार नाही.

आधी उत्तर सांगते. बिघडलेल्या एसीच्या जागी थंड प्रदेशासाठी बनवलेला अडीच टनांचा हीट पंप बसवा. फर्नेस सध्या काढू नका. आणि या दोन्हींच्या आधी गॅरेजच्या छताचं काम करून घ्या. आता कारणं.

यजमानांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो टाळून पुढे गेलं तर घरात कुणाचाच या यंत्रावर विश्वास बसणार नाही. उणे २५ ही आपल्या अंगाला थंडी. पण उष्णता खरोखर संपते ती उणे २७३ अंशांना. तिथून मोजायला सुरुवात केली तर तुमच्या दिवाणखान्यातली २० अंशांची हवा २९३ व्या पायरीवर आहे आणि बाहेरची उणे २५ ची हवा २४८ व्या. म्हणजे बाहेर ऊब भरपूर आहे, फक्त खालच्या पातळीवर आहे. उष्णता आपणहून वरून खाली जाते. खालून वर यायला तिला ओढावं लागतं.

सासूबाईंना विचारा, त्यांनी लहानपणी मळ्यात मोट पाहिली असेल. बैल पाणी तयार करत नाहीत, विहिरीत आहे ते वर ओढतात. हीट पंपाचं काम तसंच. फर्नेस गॅस जाळून ऊब तयार करते, त्यामुळे गॅसमध्ये जेवढी ऊब तेवढीच मिळणार, त्यातलीही थोडी धुरांड्यावाटे जाणार. हीट पंप बाहेरची ऊब ओढून आत आणतो आणि वीज खर्च होते ती ओढण्यापुरती. म्हणून एक युनिट वीज घालून घरात दोन-तीन युनिट ऊब येऊ शकते. विहिरीचं पाणी खोल गेलं की बैल जास्त दमतात, तसं बाहेर जितकं थंड तितकी यंत्राला ओढ जास्त आणि हाती येणारी ऊब कमी. ओटावाची विहीर जानेवारीत खूप खोल जाते. पण आटत नाही.

ओढायचं काम करतो तो यंत्रात फिरणारा पदार्थ. एसीचे मेकॅनिक त्यालाही 'गॅस'च म्हणतात, पण फर्नेसच्या गॅसशी त्याचा संबंध नाही. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दाब बदलला की उकळण्याचं तापमान बदलतं, हाच नियम इथे कामाला येतो. हल्लीच्या यंत्रांत वापरला जाणारा आर-३२ हा पदार्थ साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ च्या आसपासच उकळतो. बाहेरच्या कॉइलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यात, दाब असा ठेवतात की तो बाहेरच्या हवेपेक्षाही थंड राहतो. त्यामुळे उणे २५ ची हवासुद्धा त्याला तापवते आणि त्याची वाफ करते. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो ना, तशी ती वाफ तापते, घरातल्या कॉइलमध्ये येऊन ऊब सोडते आणि पुन्हा द्रव होते. तुमचा एसीही हेच करत होता, उलट्या दिशेने.

विचार जुना आहे. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी तो १८५२ साली मांडला होता. झुरिकच्या नगरभवनात १९३८ पासून लिमाट नदीच्या पाण्यातली ऊब ओढणारा पंप काम करू लागला. आणि आज युरोपात घरांच्या संख्येच्या मानाने सर्वाधिक हीट पंप आहेत ते नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या थंड देशांतच. नॉर्वेत निम्म्याहून जास्त घरांत. इतकं लांब जायलाही नको. सीमेपलीकडच्या, अमेरिकेतल्या मेन राज्याने २०२५ पर्यंत एक लाख हीट पंप बसवायचे ठरवले होते, तो आकडा त्यांनी २०२३ मध्येच गाठला. मेनचा हिवाळा आपल्यापेक्षा फार सौम्य नाही.

मग पहिला ठेकेदार खोटं बोलला का? मला तसं वाटत नाही. त्याच्या हातून जी यंत्रं गेली असतील ती एकाच वेगाने चालणारी असावीत. जुना कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालू नाही तर बंद. थंडी वाढली की त्याचा जोर निम्म्यावर यायचा आणि मग मदतीला ठेवलेल्या इलेक्ट्रिक पट्ट्या पेटायच्या. बिल त्या पट्ट्यांचं यायचं आणि नाव हीट पंपाचं खराब व्हायचं. आताची चांगली यंत्रं इन्व्हर्टरची असतात. गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतात, आणि कडाक्याच्या थंडीत काही यंत्रं कॉम्प्रेसरच्या मधल्याच टप्प्यावर थोडी वाफ आत सोडून त्याचा जोर टिकवतात. पण दुकानात दोन्ही प्रकार मिळतात, आणि दोन्हींवर 'हीट पंप' हेच नाव असतं. म्हणून 'थंड प्रदेशासाठी' हे शब्द कोटेशनवर लिहून घ्या. एनर्जी स्टार हा कमी वीज खाणाऱ्या यंत्रांना मिळणारा शिक्का. त्याच्या थंड प्रदेशाच्या यादीत येण्यासाठी यंत्राला उणे १५ अंशांना आपल्या नेहमीच्या ताकदीच्या किमान ७० टक्के ऊब द्यावी लागते आणि एका युनिट विजेमागे किमान पावणेदोन युनिट ऊब. चांगली यंत्रं याहून बरं काम करतात. ढोबळमानाने सांगायचं तर बाहेर ८ अंश असताना एका युनिटमागे तीन-साडेतीन, शून्याच्या आसपास अडीच ते तीन, उणे १५ ला दोनच्या जवळपास, उणे २५ ला दीड. यंत्रागणिक हे बदलतं. म्हणून ठेकेदाराकडून नेमक्या मॉडेलचा उणे १५ आणि उणे २५ चा तक्ता मागा. तो कारखान्याने छापलेला असतो, आणि ज्याला तो देता येत नाही त्याच्याकडून यंत्र घेऊ नका.

आता तुमची बिलं. जानेवारीचे ३८० घनमीटर. जुलैचे ४० म्हणजे अंघोळीचं पाणी आणि स्वयंपाक, ते वजा केले की राहिले ३४०. एक घनमीटर गॅस जाळला की तुमच्या फर्नेसमधून घरात साधारण साडेनऊ युनिट ऊब येते असं धरू. ३४० गुणिले साडेनऊ म्हणजे ३,२३० युनिट. जानेवारीत ७४४ तास. भागाकार केला की सरासरी ४.३ किलोवॅट. तुमचं अख्खं घर जानेवारीत सरासरी एवढ्या उबेवर उबदार राहिलं.

ओटावाच्या जानेवारीची सरासरी उणे १० च्या आसपास असते. घरात २० धरलं तर आत-बाहेरचा फरक ३० अंशांचा. बाहेर उणे २५ झालं की फरक ४५ चा, म्हणजे दीडपट. तेव्हा तुमच्या घराला साडेसहा किलोवॅट लागतात. ठेकेदारांच्या भाषेत तासाला २२ हजार बीटीयू (हे उबेचं त्यांचं माप, तासाला १२ हजार बीटीयू म्हणजे एक टन), म्हणजे दोन टनांच्या आतबाहेर. हे गणित मी दोनदा करून पाहिलं. रीतसर भार-गणित ठेकेदाराकडून करून घ्याच, कॅनडात त्यासाठी सीएसए एफ२८० नावाचं मानक आहे. पण त्याचं उत्तर माझ्या उत्तरापासून फार लांब आलं तर का आलं, हे त्याला विचारायला विसरू नका. तुमच्या घराने अख्खा जानेवारी जे मोजून दाखवलंय, त्यापेक्षा कागदावरचा अंदाज मोठा नाही.

यावरून दुसऱ्या ठेकेदाराचे चार टन कुठून आले ते लक्षात येईल. तो बहुधा फर्नेसवरची पाटी पाहून बोलला. त्या काळात बांधकाम व्यावसायिक सरसकट मोठ्या फर्नेस टाकत, घराला लागो न लागो. फर्नेस मोठी असली तर फार बिघडत नाही, ती दहा मिनिटं चालून बंद होते. हीट पंप गरजेपेक्षा मोठा घेतला तर तो नोव्हेंबरच्या आणि मार्चच्या हलक्या थंडीत सारखा चालू-बंद होत राहतो, वीज जास्त खातो आणि लवकर झिजतो. शिवाय तुमचे डक्ट, म्हणजे घरभर हवा नेणारे पत्र्याचे मार्ग, अडीच टनांच्या एसीसाठी घातलेले आहेत. चार टनांच्या यंत्राला त्यांतून दीडपटीहून जास्त हवा ढकलावी लागेल आणि घरभर घोंघाट होईल. सासूबाईंना दुपारी झोप लागणार नाही.

अडीच टनांच्या यंत्राने उणे १५ ला ७० टक्के ताकद धरली तर २१ हजार बीटीयू मिळतात. तुमच्या घराला तेव्हा लागतात साधारण सव्वासतरा हजार. म्हणजे उणे १५ पर्यंत तो एकटा निभावून नेईल. चांगलं मॉडेल असेल तर आणखी खालीही. त्यापलीकडच्या मोजक्या रात्रींसाठी फर्नेस आहेच. एकच अट: एकोणीस-वीस वर्षांच्या फर्नेसचा पंखा आणि आतला उष्णता-विनिमयाचा डबा आधी तपासून घ्या. डब्याला चीर असेल तर ती फर्नेस एक दिवसही चालवू नका. ती ठीक असेल तर आणखी काही वर्षं चालू द्या, आणि ती जाईल तेव्हा तिच्या जागी सर्वांत लहान मिळेल ती घ्या किंवा तोवर गॅस सोडायचा विचार पक्का झालेला असेल.

पैशांबद्दल मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. तुमच्याकडे तेल, प्रोपेन किंवा भिंतीतले इलेक्ट्रिक हीटर असते तर मी म्हटलं असतं, उद्याच बसवा, पहिल्याच हिवाळ्यात फरक दिसेल. ऑन्टारिओत नळाचा गॅस स्वस्त आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांवरचा संघीय कार्बन आकार गेल्यापासून आणखी स्वस्त झालाय. तुमच्या बिलातला स्थिर आकार सोडून एका घनमीटरला किती सेंट पडतात ते काढा. समजा ४० सेंट. साडेनऊने भागलं की एका युनिट उबेला सव्वाचार सेंट. विजेचे सगळे आकार धरून समजा युनिटला १२ सेंट पडतात. तर हीट पंपाने एका युनिटमागे जवळजवळ तीन युनिट ऊब दिली तरच तो गॅसच्या बरोबरीला येतो, म्हणजे शून्याच्या वरच. एवढ्यावर थांबलात तर पहिला ठेकेदार बरोबर ठरेल.

पण ऑन्टारिओत २०२३ पासून विजेची आणखी एक योजना आहे. तिच्यात रात्री ११ ते सकाळी ७ वीज फार स्वस्त असते आणि कामाच्या दिवशी दुपारी ४ ते रात्री ९ फार महाग. रात्रीची वीज सगळे आकार धरून समजा ६ सेंटला पडली, तर एका युनिटमागे दीड युनिट ऊब मिळाली तरी बरोबरी होते. म्हणजे सर्वांत थंड तासांत, रात्री, हीट पंप उणे २० पर्यंतही परवडतो. संध्याकाळी ४ ते ९ फर्नेसला चालू द्या. दोन्ही यंत्रं असली की ही अदलाबदल थर्मोस्टॅटवर (घराचं तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या डबीवर) लावून ठेवता येते, म्हणूनही मी फर्नेस ठेवा म्हणते. मात्र ही योजना घेतली तर कपडे धुणं, भांड्यांचं यंत्र, गाडीचं चार्जिंग हे सगळं रात्री ढकलावं लागेल. ते जमत नसेल तर घेऊ नका. आणि माझे दर गृहीत धरलेले आहेत, तुमच्या बिलांवरचे घालून गणित पुन्हा करा.

दुसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुम्ही एसी घेणारच आहात. ओटावाच्या जुलैत त्याच्याशिवाय चालत नाही. मग प्रश्न हीट पंपाच्या पूर्ण किमतीचा नाही, साध्या एसीच्या आणि त्याच्या किमतीतल्या फरकाचा आहे. तेवढ्या फरकात उन्हाळ्याचा एसीही मिळतो आणि हिवाळ्यातला बहुतेक गॅसही वाचतो. गॅसच्या प्रत्येक घनमीटरमागे जवळजवळ दोन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ऑन्टारिओची वीज मुख्यतः अणुऊर्जेची आणि पाण्याची, कोळसा इथे २०१४ मध्येच बंद झाला. तुमच्या घरातून दरवर्षी काही टन धूर कमी होईल. मला हे मोलाचं वाटतं, आणि तुमच्या मुलांनाही वाटेल. सरकारी सवलती दरवर्षी बदलतात. काही योजनांत काम सुरू व्हायच्या आधी घराची ऊर्जा-तपासणी झालेली असावी लागते, म्हणून सही करण्यापूर्वी तेवढं पाहून घ्या.

आता सासूबाईंची खोली. तुमच्या पत्रात हे वाक्य ओघात आलंय, पण माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. गॅरेजच्या वरची खोली इथल्या जवळजवळ प्रत्येक घरात गार असते. तिच्या खाली घर नाही, बाहेरची थंडी आहे. तीन भिंती बाहेरच्या. तिच्याकडे जाणारा डक्ट बहुतेकदा त्याच गॅरेजच्या छतातून जातो, आणि फर्नेसपासून सर्वांत लांब असतो. तिथे पोहोचेपर्यंत हवा निवते. आज फर्नेस ५०-६० अंशांची हवा सोडते म्हणून थोडी तरी ऊब पोहोचते. हीट पंपाची हवा असते ३२ ते ४० अंशांची. बाकी घरात ती उत्तम चालते, कारण ती सारखी येत राहते. त्या खोलीचं मात्र आधी काही केलं नाही, तर पहिल्याच थंडीत सासूबाई कुडकुडतील आणि दोष यंत्रावर येईल.

म्हणून गॅरेजचं छत. इन्सुलेशनवाल्याला बोलावून छतावरची पोकळी दाट सेल्युलोजने किंवा फवारणीच्या फोमने भरून घ्या आणि फटी बंद करून घ्या. डक्ट त्या भरावाच्या उबदार बाजूला येतील असं पाहा, त्यांचे सांधेही तेव्हाच बंद होतील. याने गाडीचा धूर वर झिरपणंही कमी होतं. त्या खोलीत झोपणाऱ्या माणसासाठी हे उबेइतकंच महत्त्वाचं आहे. खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते आजच बटण दाबून पाहा. हे काम हीट पंपाच्या मानाने स्वस्त आहे आणि दोन दिवसांत होतं.

एवढं करूनही खोली गार राहिली, तर तिथे भिंतीवर ९ हजार बीटीयूचं डक्टशिवायचं छोटं युनिट लावा. माझ्या ओळखीच्या दोन घरांत तसं केलंय. आजींच्या हातात स्वतःचा रिमोट असतो, त्या २३ वर ठेवतात, बाकी घर २० वर असतं, आणि थर्मोस्टॅटवरून होणारी कुरबुर संपते.

त्यांना आधी एक सांगून ठेवा: व्हेंटसमोर, म्हणजे हवा येते त्या जाळीसमोर, हात धरला तर हवा कोमट लागेल. आपल्या कातडीचं तापमानच ३३ च्या आसपास असतं, त्यामुळे ३५ अंशांची हवा अंगावर आली की गार झुळूक वाटते. फर्नेसच्या कडक उबेची सवय झालेल्या माणसाला वाटतं, बिघडलं. त्यांची खुर्ची व्हेंटच्या समोरून हलवा. आणि खिडकीपासूनही. गार काचेजवळ बसलं की खोलीत २२ अंश असूनही हाडं गारठतात, कारण अंगातली ऊब काचेकडे जात राहते. जाड पडदा आणि पलंगाची दिशा बदलणं याने गुडघ्यांना जे बरं वाटेल ते थर्मोस्टॅट दोन अंशांनी वाढवून वाटणार नाही.

बसवण्याबद्दल माझा अनुभव सांगते. आमच्या घरी पहिला हीट पंप बसवला तेव्हा ठेकेदाराने बाहेरचं युनिट जमिनीलगतच्या फरशीवर ठेवलं, बरोबर छताच्या कडेखाली. उन्हाळ्यात काही कळलं नाही. फेब्रुवारीत दिवसा छतावरचा बर्फ वितळायचा, पाणी थेंबथेंब युनिटवर पडायचं आणि रात्री गोठायचं. खालून यंत्राचं स्वतःचं पाणी साचून फरशीवर बर्फाचा थर चढत गेला. एका पहाटे पंख्याची पाती त्या बर्फाला घासू लागली, त्या आवाजाने आम्ही सगळे उठलो. त्यांची माणसं तीनदा आली, गरम पाणी ओतून गेली. शेवटी आम्ही दुसऱ्या माणसाकडून युनिट दोन फूट उंच लोखंडी स्टँडवर, छताच्या कडेपासून दूर घेतलं. त्यानंतर एकही हिवाळा तक्रार नाही. यंत्र तेच, जागा बदलली. तुमच्या कोटेशनवर स्टँडची उंची लिहून घ्या. पाणी कुठे जाईल तेही विचारा, कारण ते पायवाटेवर गेलं तर तिथे बर्फाची काच होईल आणि घरात वयस्कर माणूस आहे. पाइप जोडल्यावर आतली हवा पंपाने पूर्ण काढायला वेळ लागतो. तो वेळ न देता अर्ध्या दिवसात उरकणारा माणूस नको.

पहिल्या हिवाळ्यात एक दृश्य दिसेल, त्याने घाबरू नका. बाहेरच्या युनिटमधून एकदम धुरासारखी वाफ उठेल, पंखा थांबेल, सळसळ आवाज येईल. बाहेरच्या कॉइलवर दव गोठतं, ते वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं चालतं. शून्याच्या आसपासच्या दमट दिवसांत हे जास्त होतं. उणे २५ ला हवाच कोरडी असते, त्यामुळे तेव्हा कमी होतं. युनिटवर साचलेला बर्फ हाताने किंवा मऊ झाडूने काढा, कुदळ-फावडं लावू नका, कॉइलच्या पात्या वाकतात.

रात्री थर्मोस्टॅट चार-पाच अंश खाली करायची आपल्याकडे सवय असते. फर्नेसला ते चालतं. हीट पंपाला सकाळी एकदम वर चढायला सांगितलं की तो मागे पडतो आणि फर्नेस पेटते, वाचवलेलं सगळं तिथे जातं. एकच तापमान ठेवा, फार तर एक अंशाचा फरक. आणि थर्मोस्टॅटवर 'इमर्जन्सी हीट' असं काही दिसेल. थंडी जास्त वाटली म्हणून ते दाबायचं नसतं, त्याने हीट पंप बंदच होतो. ते बटण पंप बिघडला असेल तेव्हाचं.

वीज गेली तर काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण यजमान विचारतील. जानेवारी १९९८ चं बर्फवादळ मी याच गावात काढलंय, लहान मूल घेऊन, शेजाऱ्यांच्या लाकडाच्या शेगडीशेजारी. तेव्हाच कळलं की गॅसची फर्नेसही विजेशिवाय चालत नाही. तिचा पंखा आणि प्रज्वलन दोन्ही विजेवर. फरक इतकाच, की फर्नेसचा पंखा छोट्या जनरेटरवर किंवा बॅटरीवर चालू शकतो, हीट पंपाला मोठा लागतो. फर्नेस ठेवण्याचं हे आणखी एक कारण. इलेक्ट्रिशियनकडून तिला जनरेटर जोडायची रीतसर सोय आत्ताच करून ठेवा. जनरेटर मात्र गॅरेजमध्ये कधीही चालवायचा नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. वर कोण झोपतं ते तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा क्रम असा: या आठवड्यात फर्नेसची तपासणी आणि इन्सुलेशनवाल्याला फोन. एसी बिघडलेला असला तरी आता उन्हाळा सरलाय, हीट पंपाची घाई नाही. गॅरेजचं छत झाल्यावर पंधरा दिवस सासूबाईंच्या खोलीत थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहून काढा. मग तिसऱ्या ठेकेदाराला बोलवा, माझं साडेसहा किलोवॅटचं गणित त्याच्यासमोर ठेवा आणि तो काय म्हणतो ते मला कळवा. मॉडेलचा तक्ता मिळाला तर त्याचा फोटोही पाठवा. मी बघून सांगते.